भोपाळात बसून मोजलेली भरती

अँथनीभाईंचं नाव आधी लिहिते, बाकीचं मग. ते अंदमानात काचेच्या तळाची बोट चालवतात. मोठ्या बंदरावरून प्रवासी घ्यायचे, तासाभरावरच्या एका छोट्या बेटावर न्यायचे, वाटेत काचेतून प्रवाळ दाखवायचं आणि परत आणायचं, हे त्यांचं रोजचं काम. त्यांचे आजोबा रांचीकडून जंगलकामाला तिकडे गेले, तेव्हापासून घर तिथलंच. मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. सहा वर्षं फोनवर बोलते आहे, एवढीच ओळख. मागच्या मार्गशीर्षात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती त्यांनी अक्षरशः आपल्या अंगावर घेतली. ती लिहायची म्हणूनच मी ह्या दिवाळी अंकाला हो म्हटलं. एरवी आठवी अर्धवट सोडलेल्या बाईने मराठी मंडळाच्या अंकात काय लिहायचं, असं म्हणून मी दोनदा टाळलं होतं.

माझं माहेर देवगडच्या अलीकडचं खाडीकाठचं गाव. बाबा मासेमारीला जायचे. हायस्कूल खाडीच्या पलीकडे, होडीने जावं लागे. आई आजारी पडली तेव्हा मी आठवीत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर होडीत बसले नाही, ती कायमचीच. लग्न होऊन भोपाळला आले. नवरा कारखान्यात कंत्राटावर वेल्डर, घर अवधपुरीत दोन खोल्यांचं. इथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. पहिल्या वर्षी मोठ्या तलावावर गेलो तर मी सवयीने पाण्याला वास येतो का ते बघत होते. नवरा म्हणाला, "अगं, हे गोडं पाणी आहे. चल, भुट्टा खाऊ."

सहा नंबर स्टॉपजवळ वैद्य मॅडमचं सहलींचं ऑफिस आहे. तिथे मी झाडायपुसायला आणि पाणी भरायला लागले. एकदा मॅडम एका कुटुंबाला संगणकावर बोटींचे फोटो दाखवत होत्या. मी मागे फडकं मारत होते. तोंडातून निघून गेलं, "ही बोट नको."

मॅडमनी खुर्ची फिरवली. "का गं?"

बोलले होते, तर पुरं करावं लागलं. म्हटलं, "चढायच्या बाजूला धरायला काहीच नाही बघा. आणि मागे लाटांची टोकं पांढरी दिसतायत, म्हणजे वारा आहे. वारा असताना माणसं पुढच्या टोकाला बसवलीयत. ज्याला बोटीतलं कळतं तो असं बसवत नाही."

ते कुटुंब दुसऱ्या बोटीने गेलं. पहिल्या बोटीचं पुढे काय झालं मला माहीत नाही, बहुतेक काहीच झालं नसेल. पण मॅडमनी दुसऱ्या दिवशी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि मला टेबलाशी बसवलं. तेव्हापासून बेटांवर जाणाऱ्या लोकांसाठी बोटी निवडायचं काम माझ्याकडे आहे. अंदमान जास्त, लक्षद्वीप कमी, हनिमूनवाले असतील तर मालदीव. मालदीवचे कागद सगळे इंग्रजीत, ते मॅडमच बघतात. मी फक्त फोटो बघते आणि प्रश्न विचारते.

प्रश्न विचारणं हेच खरं काम. लोक येतात ते काय बघायचं ते ठरवून येतात. डॉल्फिन दिसले पाहिजेत, शिडाची बोट पाहिजे, फोटो चांगले आले पाहिजेत. मी विचारते, चढणार कसे आणि उतरणार कसे? गुडघे कुणाचे दुखतात? घाटात गाडी लागते का? कुणाला लागत असेल तर त्याला बोटीच्या मागच्या भागात मधोमध बसवायचं, पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं. पाठीचं दुखणं असेल तर स्पीडबोट अजिबात नको. आणि बोटीचा दिवस आणि परतीचं विमान एका दिवशी कधीही ठेवायचं नाही, कारण हवा बिघडली की बोटी बंद, आणि समुद्र कुणाच्या तिकिटाची वाट बघत नाही.

भोपाळच्या माणसाला बोट म्हटलं की मोठा तलाव दिसतो. पाचला बसायचं, सूर्य बुडताना बघायचा आणि उतरायचं. त्यामुळे सगळे संध्याकाळची बोट मागतात. अंदमानात थंडीत पाच वाजता सूर्य बुडूनच जातो आणि छोट्या बोटी त्याच्या बऱ्याच आधी किनाऱ्याला लागतात. एक इंजिनिअर साहेब तर माझ्याशी वादाला उभे राहिले. "ताई, आपलं सगळं लाइफ बड्या तालाबच्या किनारी गेलंय, आपल्याला पाण्याचं सांगू नका." मी म्हटलं, "साहेब, तलावाला भरती-ओहोटी असते का?" ते मॅडमना म्हणाले, "ह्यांना कुठून आणलं?" मॅडम म्हणाल्या, "समुद्रातून." सकाळची बोट घेऊन गेले ते शेवटी.

आणखी एक आपल्याच लोकांत बघितलं. आपण उपास करून बोटीत बसतो. संकष्टीला एक बाई रिकाम्या पोटी बसल्या. अख्खं बेट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत डोकं घालून बघितलं. तेव्हापासून मी बुकिंगच्या वेळी उपास विचारते आणि सोबत दोन उकडलेली रताळी घ्यायला सांगते. लोक हसतात, पण घेतात.

आता कॅलेंडर. ऑफिसात भिंतीवर तिथीचं कॅलेंडर आहे, ते गिऱ्हाइकांसाठी. आपल्या घरांत अमावास्येला कुणी निघत नाही, तेव्हा तारीख ठरवताना सगळे आधी तिथे बघतात. मीही त्यातच बघायचे, पण दुसऱ्या कारणासाठी. बाबांनी लहानपणी शिकवलं होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला फारशी ओढ नसते. आणि आमच्याकडे पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती पूर्ण होते, पुढे दर दिवशी पाऊण तास उशिरा. एवढं पाठ असलं की घड्याळाशिवाय समुद्राची वेळ कळते. मी कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक 'उ' आणि 'भ' लिहून ठेवायचे. मॅडमना ते वर्षभराने दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं मी उधारीचं काही लिहिते आहे.

हे सगळं असूनही मी भित्री. प्रत्येक बुकिंगनंतर मी अँथनीभाईंना फोन करून तीच ती विचारपूस करायचे. वारा कसा आहे, जेट्टीवर शेवाळ आहे का, किती वाजता निघालात तर बरं? ते हसायचे. "दीदी, तुम तो मेरी माँ से ज़्यादा पूछती हो." पण सांगायचे सगळं. मी वहीत लिहून घ्यायचे आणि तेच गिऱ्हाइकाला सांगायचे. माझ्या नावावर जो शहाणपणा जमा झाला होता त्यातला अर्धा त्यांचा होता, हे कुणाला माहीत नव्हतं.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता मुळे काका-काकू आले. काका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, मूळ नागपूरचे, आता शिवाजी नगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतात. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन साकेत नगरच्या दवाखान्यात झालं होतं, त्याला आठ महिने झाले होते. काठी घेऊन चालत होत्या. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, एका अटीवर. पडायचं नाही. पडल्या तर पुन्हा उभ्या राहतील का, सांगता येत नाही.

काकूंनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, पौर्णिमेला समुद्रात पाय बुडवले की मोठं पुण्य. नागपूर, मग भोपाळ, मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचंच आजारपण, राहून गेलं. आता मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला पाय बुडवायचे, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

मी म्हटलं, "काकू, अष्टमीला जा ना. पाणी शांत असतं."

"अगं, अष्टमीला कोणी समुद्राचं पुण्य घेते का?" काकू म्हणाल्या. "मग घरीच बादलीत मीठ टाकून पाय बुडवते मी."

काका म्हणाले, "मी तर तेच म्हणून राहिलो होतो. तिकिटं वाचतील."

"तुम्ही चूप बसा."

काकूंना पाण्यात उतरायला लावणारी बोट नको होती. काचेच्या तळाची बरी, आणि ती अँथनीभाईंची. त्या छोट्या बेटावर जुनी दगडी जेट्टी आहे. पाणी भरलेलं असलं की बोटीचा काठ जेट्टीच्या बरोबरीने लागतो. पाणी उतरलं की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ. म्हणजे सगळा प्रश्न वेळेचा होता. मी कॅलेंडरकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पौर्णिमेला बाराला भरती. साडेदहाच्या बोटीने निघा. पावणेबाराला पोचाल, पाणी काठोकाठ असेल. उंबऱ्यावरून उतरल्यासारखं उतराल, पायरीवर बसून पाय बुडवा, तासाभरात परत चढा."

काका चष्म्यावरून बघत राहिले. "हे तुम्हाला इथे बसून कळते?"

मॅडम म्हणाल्या, "आमची शैला भिंतीकडे बघून समुद्र सांगते."

मी त्या दिवशी घरी जाताना मिनी बसमध्ये उभी होते तरी बसल्यासारखं वाटत होतं. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. वाटलं, त्यांना कळायला पाहिजे होतं, ह्या पोरीची शाळा सुटली पण शिकणं वाया गेलं नाही.

बोटीवर काकूंसाठी पाठीची खुर्ची ठेवा, एवढा निरोप मी अँथनीभाईंना पाठवला. साडेदहाची वेळ कळवली. बाकी काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना वेळ विचारली नाही, कारण ती मला येत होती.

पौर्णिमेच्या दिवशी साडेअकराला त्यांचा फोन आला. मागे इंजिन मंद चालू होतं.

"दीदी, पार्टी को इतनी देर से क्यों भेजा? पानी तो उतर रहा है."

मी म्हटलं, "उतर कैसे रहा है? बारह बजे भरती है ना, पूनम को?"

ते म्हणाले, "तुम कौन से समंदर की बात कर रही हो? यहाँ पूनम को दस बजे के पहले पानी भर जाता है. मुझे लगा पार्टी ने ही साढ़े दस का टाइम माँगा होगा. अभी जेट्टी की दो सीढ़ी खुल गयी हैं. अम्मा लाठी वाली हैं, कैसे उतारूँ?"

बाबांचं गणित बरोबर होतं. ते देवगडचं होतं. बाबा स्वतः मासळीच्या मागे उत्तरेला दुसऱ्या बंदरात जायचे तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांना आधी विचारायचे, तुमच्याकडे पाणी कधी भरतं? मी दहा वेळा ऐकलं होतं ते. मुलूख बदलला की पाण्याची वेळ बदलते, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोराला कळतं. मला भोपाळात टेबलाशी बसून ते आठवलं नाही.

अँथनीभाई हळू आवाजात म्हणाले, "सुनो. पार्टी को बोल देता हूँ कि जेट्टी आज बंद है. काँच से कोरल दिखा के वापस ले जाता हूँ. तुम्हारा नाम नहीं आयेगा."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. मॅडम समोर बसल्या होत्या, त्यांनाही काही कळलं नसतं. पण डोळ्यांपुढे काकू आल्या. बंद जेट्टीला कोण काय करणार, असं म्हणून त्या गप्प परत आल्या असत्या, आणि पुन्हा गेल्या नसत्या. मी म्हटलं, "फोन अम्मा को दीजिए."

"काकू, शैला बोलते आहे. माझी चूक झाली. मी आमच्या गावाकडची वेळ धरली. तुम्हाला दोन तास आधी पाठवायला पाहिजे होतं. आता जेट्टी निसरडी आहे, तिथे पाय ठेवू नका."

फोन काकांनी ओढून घेतला. "बाई, तुमची भरती तिकडे देवगडलाच राहिली का? आम्ही इथे पाण्याच्या मधोमध उभे आहोत!"

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, फोन द्या इकडे. शैला, एवढंच सांग. पाय बुडतील का नाही?"

मी अँथनीभाईंना विचारलं. ते म्हणाले, बेटाच्या मागे वाळूची बाजू आहे. पाणी उतरलं की तिथे घट्ट वाळू उघडी पडते. बोट अगदी काठाला लागणार नाही, मध्ये गुडघाभर पाणी राहील. "लेकिन कुर्सी है ना मेरे पास. तुम्हीं ने रखवायी." मग काहीतरी खरखर झालं आणि फोन गेला. बेटामागे नेटवर्क नसतं.

पुढचे तीन तास मी काय केलं ते नीट आठवत नाही. मॅडमना सगळं सांगितलं, एवढं आठवतं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "मॅडम, मी उद्यापासून पाणी भरते. हे काम नको." त्या म्हणाल्या, "आधी त्या परत येऊ दे." आलेली दोन गिऱ्हाइकं त्यांनीच सांभाळली. मी सारखी फोन लावत होते, सारखी ती बाई सांगत होती की ग्राहक संपर्कक्षेत्राबाहेर आहे. काकू पडल्या असतील, हेच डोळ्यांपुढे. खुब्यात घातलेली ती सळई, जी मी कधी पाहिली नव्हती, ती मला दिसत होती.

पावणेतीनला काकूंचाच फोन आला. मोठ्या बंदरावर तरंगती जेट्टी आहे, ती पाण्याबरोबर खालीवर होते, तिथे त्या सुखरूप उतरल्या होत्या. आवाजाला धाप होती, पण हसण्याची.

"शैला, अगं, वरात निघाली माझी! लग्नातही अशी नव्हती निघाली."

अँथनीभाईंनी आणि त्यांच्या मेहुण्याने खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन वल्ही दोराने बांधली, काकूंना बसवलं आणि खांद्यावर न घेता मुद्दाम खाली, कमरेच्या उंचीवर उचलून पाण्यातून नेलं. म्हणजे काकूंचे पाय सबंध वाटभर समुद्रात. वाळूवर खुर्ची ठेवली. काकू अर्धा तास बसल्या, पायांवरून पाणी जाऊ दिलं. परत तसंच आणलं.

"जेट्टीच्या पायरीवर बसून एवढं पाणी मिळालं नसतं बघ," त्या म्हणाल्या. मला ते खरं वाटलं नाही. त्यांनी माझ्यासाठी म्हटलं.

मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "शैला, तुला मी बोटी ओळखतेस म्हणून ठेवलं खरं. पण कामावर टिकवलं ते तू घाबरतेस म्हणून. रोज दहा फोन करतेस ना, ते करत राहा. ह्या वेळी तेवढं केलं नाहीस." आणि कॅलेंडरवरचे माझे 'उ' आणि 'भ' त्यांनी खोडरबराने पुसले नाहीत. शेजारी फक्त एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "इथे तिथल्या माणसाचं नाव लिहीत जा. ज्याला विचारलंस त्याचं." तेव्हापासून प्रत्येक बुकिंगच्या तारखेपुढे एक नाव असतं.

मुळे काका-काकू परतले तेव्हा मी शिवाजी नगरला त्यांच्या घरी गेले. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या. चहा घ्या. तुमच्याकडच्या वेळेने की आमच्या?" मी माफी मागायला गेले होते, ती राहूनच गेली. काकूंनी फोटो दाखवले. खुर्ची, वल्ही, काकूंचा हसरा चेहरा. अँथनीभाई मला पहिल्यांदा दिसले ते तिथे. कुरळे केस, गळ्यात बारीक क्रॉस. एका फोटोत ते वाळूवर बसले होते आणि पायाला गमछा गुंडाळलेला होता.

"हे काय?" मी विचारलं.

काका एकदम गंभीर झाले. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? हिला परत नेताना पाय धारदार कोरलवर पडला. चांगलाच कापला. हललेसुद्धा नाहीत हो. हलले असते तर खुर्ची कलंडली असती. बोटीत हिला बसवलं आणि मग खाली बसले. मी हेडक्लार्क म्हणून इतकी माणसं पाहिली, काम करताना असा माणूस नाही पाहिला."

पौर्णिमेपासून त्या दिवसापर्यंत मी बुकिंगसाठी फोन केला की त्यांचा मेहुणा उचलायचा. "जीजाजी थोड़ा बिज़ी हैं." मला वाटायचं माझ्यावर रागावलेत. ते पायाला टाके घालून घरी बसले होते आणि माझ्यापर्यंत ते येऊ नये म्हणून मेहुण्याला पढवून ठेवलं होतं. मी रडतच फोन केला आणि मेहुण्याला म्हटलं, त्यांनाच द्या. तर म्हणाले, "अरे दीदी, समंदर में काम करेंगे तो समंदर थोड़ा काटेगा ही. तुमने अम्मा को सच बोला ना? बस. कुर्सी भी तुम्हीं ने रखवायी थी."

अँथनीभाई कधी रेल्वेत बसलेले नाहीत. बेटांवर रेल्वे नाही. ते मला अधूनमधून विचारतात, "दीदी, रात को ट्रेन में नींद आती है क्या? हिलती है तो?" आयुष्य बोटीत गेलेल्या माणसाला गाडी हलते का ह्याची धास्ती. आजोबांचं गाव त्यांनी पाहिलेलं नाही. रांचीच्या पुढे कुठेतरी आहे, एक मोठं चिंचेचं झाड आहे, एवढंच घरात सांगतात.

ती सहल मी त्यांची बांधून देणार आहे. कधी ते आज सांगता येत नाही, त्यांचा हंगाम आणि माझी परिस्थिती दोन्ही बघायला पाहिजे. पण जहाजातून उतरल्यापासून त्या चिंचेपर्यंत प्रत्येक टप्पा मी निवडीन. खालचा बर्थ, खिडकीची बाजू, दिवसाउजेडी पोचणारी गाडी. परतताना वाट वाकडी करायला लावून भोपाळला उतरवून घेईन, घरी जेवायला बोलवीन आणि मोठ्या तलावावर नेईन, खारा वास नसलेलं पाणी बघायला. आणि ह्या वेळी भिंतीकडे बघून काही ठरवणार नाही. आधी त्या गावातला एखादा माणूस शोधीन आणि त्याला विचारीन, तुमच्याकडे जायला बरी वेळ कोणती? तो सांगेल ती वहीत लिहून घेईन, पुढे त्याचं नाव लिहीन, आणि मगच अँथनीभाईंना फोन करीन.